९६ टक्के धुतलं गेलं, पण कशाच्या तुलनेत?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. जहाजाच्या डेकवर किरणोत्सर्गी दूषण पडलं तर ते समुद्राच्या पाण्याने धुऊन टाकणारी फवारा यंत्रणा असते. खरा किरणोत्सर्गी पदार्थ न वापरता ती कितपत काम करते हे तपासायचं आहे. तुम्ही रंगवलेल्या लोखंडी पत्र्यावर मोजून रांगोळी टाकली, पत्रा दहा अंशांत तिरपा केला, बागेच्या पाइपने पाच मिनिटं पाणी मारलं आणि उरलेली रांगोळी वाळवून तोलली. ९६ टक्के गेली. गाइड म्हणतात, ‘याला चाचणी म्हणत नाहीत’. तुम्ही विचारताय, चुकलं कुठे?

आधी एक सांगतो. माझं आयुष्य भोसरीत नोझल आणि फवारा यंत्रणा तपासण्यात गेलं. त्यातला बराचसा भाग आगीच्या यंत्रणांचा, थोडा जहाजांवरचा. लढाऊ जहाजांच्या आतल्या आकड्यांबद्दल मी काही लिहिणार नाही आणि तुम्हालाही ते लागणार नाहीत. लागणारं भौतिकशास्त्र पाठ्यपुस्तकात आहे आणि इतिहास उघड आहे.

तुमचा ९६ हा आकडा खोटा नाही. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, एवढंच. ‘तिरप्या पत्र्यावरची कोरडी रांगोळी भरपूर पाण्याने जाते का’ याचं ते उत्तर आहे, आणि ते पाइप न लावताही सांगता आलं असतं. तुम्हाला विचारायच्या होत्या त्या गोष्टी तीन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्यात. पाणी सगळीकडे पोचतं का? पोचलेलं पाणी डेकवर पडलेला किरणोत्सर्गी माल उचलून जहाजाबाहेर नेतं का? आणि त्यामुळे आतल्या माणसाला मिळणारा किरणोत्सर्गाचा डोस किती कमी होतो? तिघींना वेगळी चाचणी लागते. तिन्ही एका टक्क्यात कोंबल्या की गाइडना तो टक्का खटकणारच.

हा विषय कुठून आला ते बघा, म्हणजे पुढचं पटेल. २५ जुलै १९४६ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी कंकणद्वीपाच्या सरोवरात अमेरिकेने ‘बेकर’ ही अणुचाचणी केली. बॉम्ब पाण्याखाली सुमारे नव्वद फुटांवर फोडला. आजूबाजूला रिकामी जहाजं नांगरून ठेवली होती. स्फोटातून उसळलेल्या पाण्याचा आणि फवाऱ्याचा लोट त्यांच्यावरून गेला आणि विखंडनाचा माल समुद्राच्या पाण्यातून सगळीकडे चिकटला. मग धुणं सुरू झालं. आग विझवायच्या बोटींनी पाण्याचे झोत मारले, साबण, कॉस्टिक, फेस, हाताशी लागेल ते वापरून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही. वाळूच्या माऱ्याने रंगाचा वरचा थर खरवडून काढला तेव्हाच आकडा खरा खाली आला, आणि तेवढं काम अख्ख्या ताफ्यावर करणं अशक्य होतं. ऑगस्टमध्ये काम थांबवलं, पुढची तिसरी चाचणी रद्द झाली आणि त्यातली कित्येक जहाजं शेवटी बुडवली. जी जहाजं स्फोटाच्या वेळी दूर होती आणि नंतर सरोवरात आली, त्यांच्याही तळाच्या शेवाळात आणि खाऱ्या पाण्याच्या पाइपांत किरणोत्सर्ग साठला.

यातून निघालेली गोष्ट अशी की पडल्यानंतर धुण्यापेक्षा पडायच्या आधीपासून डेक ओला आणि वाहता ठेवणं कितीतरी फायद्याचं. इंग्रज नौदलात आणि आपल्याकडेही याला प्री-वेटिंग म्हणतात, अमेरिकेत वॉशडाउन. पाणी आधीच चालू असलं की रंगाच्या बारीक भेगा, वेल्डच्या कडा, गंजाची छिद्रं स्वच्छ पाण्याने भरलेली असतात. वरून येणारा कण कोरड्या पृष्ठावर न बसता चालत्या थरात पडतो. त्यामुळे पहिली सूचना हीच: तुमच्या चाचणीत माल आधी आणि पाणी नंतर होतं. क्रम उलटा करा. पाणी सुरू करा, थर स्थिर होऊ द्या, मग वरून माल सोडा. दुसऱ्या पत्र्यावर तुमचा जुनाच क्रम ठेवा. या दोन पत्र्यांतला फरक हा तुमच्या प्रकल्पाचा सगळ्यात दमदार आलेख ठरेल, कारण यंत्रणा कधी चालू करायची हा निर्णय त्याच्यावर उभा आहे.

आणि तिसरा पत्रा पूर्ण कोरडा ठेवा. त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. मुलं हाच पत्रा वगळतात, ‘त्यात काय मोजायचं?’ म्हणून. अमेरिकेने १९५४ च्या ‘कासल’ या अणुचाचण्यांच्या मालिकेत दोन जुनी लिबर्टी जहाजं (दुसऱ्या महायुद्धातली मालवाहू जहाजं) यासाठी सज्ज केली होती, दूरनियंत्रणाने चालणारी. दोघांना स्फोटाच्या एकाच किरणोत्सर्गी धुळीतून नेलं, एकावर फवारा चालू आणि दुसऱ्यावर बंद. पैसा, जोखीम, दुसरं अख्खं जहाज, हे सगळं फक्त ‘न धुतलेलं किती असतं’ हे कळावं म्हणून. धुतल्यामुळे डेकवरचा माल साधारण नव्वद टक्क्यांनी घटला हा निष्कर्ष त्या जोडीमुळे काढता आला. ब्रिटिशांनी १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टे बेलो बेटांवरच्या ‘मोझॅक’ अणुचाचण्यांत एचएमएस डायना ही विनाशिका मुद्दाम किरणोत्सर्गी पावसातून नेली, त्यात प्री-वेटिंगही तपासलं गेलं. आत खलाशी होते, आणि त्याबद्दल पुढे व्हायचे ते वाद झाले.

कोरडा पत्रा का लागतो याचं आणखी एक कारण आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अणुस्फोटाच्या मालाचा किरणोत्सर्ग वेळेच्या उणे १.२ घाताने घटतो. ढोबळ नियम असा: वेळ सातपट झाली की तीव्रता दहावा हिस्सा. स्फोटानंतर पहिल्या तासाला १०० असेल तर दुसऱ्या तासाला ४४ च्या आसपास, सातव्या तासाला १०, दोन दिवसांनी १. आता समजा, कोणी पहिल्या तासाला डेकवर किरणोत्सर्ग मोजणारा मीटर धरला, मग आरामात धुलाई केली आणि सातव्या तासाला परत मीटर धरला. नव्वद टक्के घट! पाण्याने काहीच केलं नसतं तरी हीच घट दिसली असती. म्हणून कुठल्याही अहवालात ‘इतके टक्के काढलं’ वाचलं की मी पहिलं हे बघतो की दोन्ही मोजमापं एकाच क्षणाला आणून लावलीत का आणि तुलना न धुतलेल्या जोडीदाराशी आहे का. तुमच्या रांगोळीला क्षय नाही, हे खरं. पण तिला वारा आहे, ब्रशला चिकटणं आहे, वाळवताना उडणं आहे. कोरडा पत्रा ते सगळं पकडतो.

आता मालाबद्दल. ओट्यावर रवा सांडला तर पाण्याच्या एका धारेने जातो, हळद सांडली तर ओला फडका फिरवून वर साबण लावला तरी पिवळा डाग राहतो. स्फोटानंतर पडणारा किरणोत्सर्गी मालही असाच दोन जातींचा असतो. जमिनीवर किंवा प्रवाळावर स्फोट झाला तर घन कण पडतात. १ मार्च १९५४ च्या अमेरिकेच्या ‘ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या स्फोटानंतर जपानी मच्छीमार नौका दाईगो फुकुर्यू मारूवर जी पांढरी राख पडली, ती प्रवाळाचा चुनाच होता. खोल समुद्रावर किंवा पाण्याखाली स्फोट झाला तर माल खाऱ्या थेंबांत विरघळलेला किंवा चिखलासारखा येतो आणि आयन थेट रंगाला, गंजाला, दोरखंडाला, लाकडी डेकला धरतात. बेकरमध्ये धुणं फसलं त्यातली मोठी गोष्ट ही.

तुमची रांगोळी गमतीने बरोबर निघाली. बाजारातली बहुतेक रांगोळी ही शिरगोळ्याची किंवा संगमरवराची पूड, म्हणजे कार्बोनेटच. प्रवाळाच्या धुळीची गरिबाची नक्कल म्हणून चालेल. पण ती चाळून घ्या. ७५, १५० आणि ३०० मायक्रॉनच्या चाळण्या कुठल्याही सिव्हिलच्या प्रयोगशाळेत मिळतात. तीन वर्ग वेगळे करून वेगळे तोला. सगळं एकत्र टाकलंत तर मोठे कण वजनात मिरवतात आणि टक्का फुगतो. त्रास देतात ते बारीक, आणि तोलकाट्यावर ते दिसतही नाहीत. त्यांच्यासाठी थोडी चमकणारी फ्लुओरेसंट पूड मिसळा आणि धुतल्यावर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा फिरवा. वेल्डच्या कडेला, बोल्टच्या डोक्याभोवती, पत्र्याच्या खालच्या ओठाला जी हिरवी रेघ दिसेल तिचा फोटो अहवालात टाका.

आता पाणी हा माल नेतं कसं ते बघू. यात थोडं गणित आहे, कंटाळू नका. समजा, जहाजाचा डेक १२ मीटर रुंद आहे, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५० ला १ असा (दर ५० मीटरला १ मीटर) उतार. फवारा दर चौरस मीटरला मिनिटाला ३ लिटर. (हा हिशोबासाठी धरलेला आकडा, कुठल्या जहाजाचा नव्हे.) मध्यरेषेपासून कडेपर्यंत ६ मीटरचं पाणी गोळा होतं, म्हणजे कडेला दर मीटर रुंदीमागे मिनिटाला १८ लिटर. पातळ थराच्या नेहमीच्या सूत्राने तिथे थराची जाडी १.७ मिलिमीटरच्या आसपास येते आणि वेग सेकंदाला १८ सेंटीमीटर. वाचायला बरं वाटतं. पण त्यात पडलेला १०० मायक्रॉनचा कण पाव सेकंदाच्या आत तळाला बसतो, तेवढ्या वेळात तो जेमतेम तीन-चार सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पाणी त्याला तरंगत नेत नाही, तळावरून ढकलत, लोळवत नेतं. त्याला लोळवायला पृष्ठावर पाण्याची ओढ पुरेशी हवी. कडेला ही ओढ सुमारे ०.३३ पास्कल. तेवढ्या आकाराची वाळू हलायला नदीतळाच्या सूत्रांनी अंदाजे ०.१५ पास्कल लागतात, गुळगुळीत पत्र्यावर सुटा कण असेल तर त्याहून कमी. कडेला काम भागतं.

मध्यरेषेपाशी मात्र गणित बिघडतं. तिथून अर्ध्या मीटरवर थर ०.७ मिलिमीटर आणि ओढ ०.१४ पास्कल. अगदी मध्यावर तर जवळपास शून्य, कारण तिथे वाहून यायला वरच्या अंगाला पाणीच नाही. तिथला कण हलतो तो थेंबांच्या आदळण्याने आणि जहाजाच्या डोलण्याने. म्हणूनच नांगरलेल्या जहाजावर घेतलेली चाचणी आणि चालत्या जहाजावरची चाचणी यांत मध्यपट्ट्याचे आकडे वेगळे पडू शकतात. आणि म्हणूनच तुमचा दहा अंशांचा पत्रा फसवा आहे. तेवढंच पाणी ५० ला १ ऐवजी दहा अंशांवरून सोडलंत तर ओढ चौपट होते. वर बागेचा पाइप मिनिटाला सहज पंधरा लिटर देतो आणि तुमचा पत्रा चौरस मीटरचाही नाही. उतारही जास्त, पाणीही जास्त. ९६ आले नसते तरच नवल.

तेव्हा पत्रा ५० ला १ वर ठेवा, स्पिरिट लेव्हलने नीट मोजून. पत्रा लहान आहे म्हणून डेकचा वरचा भाग नाही, ही अडचण राहते. त्यावर उपाय म्हणजे पत्र्याच्या वरच्या कडेला छिद्रांचा पाइप लावून हवं तेवढं ‘वरून आलेलं’ पाणी सोडायचं. शून्य सोडलं की तुम्ही मध्यरेषेवर आहात, वाढवत नेलं की कडेकडे. एकाच पत्र्यावर अख्ख्या डेकची रुंदी तपासता येते. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, धरणांची मॉडेलं पाहिली असतील तर ही युक्ती ओळखीची वाटेल. नदीचा तुकडा घेऊन वरचं पाणी आपण पुरवायचं.

‘मग पाणीच वाढवूया’ असं मनात येईल. एलपीजीच्या टाक्या आगीपासून थंड ठेवायला दर चौरस मीटरला मिनिटाला १०.२ लिटर हा जुना मान्य आकडा आहे, आमच्या धंद्यात तो झोपेतही सांगतात. १०० मीटर लांब, १२ मीटर रुंद डेक म्हणजे १,२०० चौरस मीटर. १०.२ ने ताशी ७३० घनमीटरच्या वर पाणी लागेल. ३ लिटरने २१६. जहाजाच्या फायर मेनला, म्हणजे आगीच्या पाण्याच्या मुख्य पाइपाला, याच वेळी आगीसाठीही पाणी राखून ठेवायचं असतं, आणि डेकवर साचलेलं पाणी वजन म्हणून वर बसतं, डोलताना इकडून तिकडे धावतं. डेकच्या कडेची निचऱ्याची भोकं, म्हणजे स्कपर, तेवढं पाणी घेणार का, हा पहिला प्रश्न. त्यात दोराचा एक तुकडा किंवा चिंधी अडकली की त्या कोपऱ्यात डबकं होतं आणि डेकभरचा माल तिथे येऊन बसतो. सरासरी टक्का उत्तम येतो आणि त्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त डोस मिळतो. सरासरीबरोबर सगळ्यात वाईट जागेचा आकडा देणं मी सोडत नाही.

पाणी सगळीकडे पोचतं का, ही चाचणी त्यामानाने सरळ आहे, लवकर उरकतो. सारख्या तोंडाचे डबे जाळीने मांडायचे, ठरावीक वेळ फवारा चालवायचा, प्रत्येक डब्यातलं पाणी मोजायचं. दाब पंपापाशी मोजू नका, सगळ्यात लांबच्या नोझलपाशी मोजा. दाब निम्मा झाला की प्रवाह ७१ टक्क्यांवर येतो आणि फवाऱ्याचा कोनही मिटतो. मोठ्या डेकवर डब्यांआधी खडूची पूड भुरभुरवून घेतली की कोरडे पट्टे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, मास्टच्या आडोशाचे तर हमखास. आणि वारा. तीन मीटर उंचीच्या नोझलमधून निघालेला २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला १० मीटरच्या वाऱ्यात साडेचार मीटर वाहून जातो, १ मिलिमीटरचा सात-साडेसात, ०.३ चा पंचवीसच्या आसपास. बारीक धुकं मारणारी नोझल शेडमध्ये सुंदर दिसतात. समुद्रावर त्यांचं पाणी शेजारच्या लाटेवर पडतं. तेव्हा एक मोठा पंखा भाड्याने आणा आणि एक फेरी त्याच्यासमोर घ्या.

हळदीच्या जातीच्या मालाची, म्हणजे विरघळलेल्या आयनांची, चाचणी तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल, पण शक्य आहे. साधं, किरणोत्सर्गी नसलेलं सिझियम क्लोराइड घ्या. रसायनाच्या दृष्टीने ते सिझियम-१३७ सारखंच वागतं. १० × १० सेंटीमीटरचे नमुना-पत्रे करा, आम्ही त्यांना कूपन म्हणतो: एक नवा रंग, एक जुना खडबडीत रंग, एक गंजलेलं, एक नॉन-स्किड. शेवटचा विसरू नका. माणूस घसरू नये म्हणून डेकला जो खरखरीत लेप देतात तो धुलाईचा शत्रू आहे. त्याच्या दाण्यांमधल्या खळग्यांत पाणी थांबतं. मोजून थेंब टाका, ठरावीक वेळ ठेवा, फवाऱ्याखाली धरा, मग उरलेलं सौम्य नायट्रिक आम्लात उतरवून प्रयोगशाळेकडे द्या. आयसीपी-एमएस या, मूलद्रव्यांचं अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर ते नेमकं मोजलं जातं. पैसे लागतात, पण कूपन मोजकीच ठेवलीत तर परवडतं.

इथे एक सापळा आहे. १ मेगाबेकरेल सिझियम-१३७ म्हणजे वजनाने ०.३ मायक्रोग्रॅम. खऱ्या घटनेत डेकवर येणारं सिझियम वजनात नगण्य असतं. तुम्ही मिलिग्रॅम टाकलेत तर रंगातल्या आणि गंजातल्या चिकटायच्या जागा भरून जातात, जास्तीचं सिझियम मोकळं राहतं आणि आरामात धुतलं जातं. टक्का भारी दिसतो. म्हणून तीन वेगवेगळ्या प्रमाणांत करा आणि प्रमाण कमी करत गेल्यावर टिकून राहणारा वाटा वाढतो का ते बघा. वाढत असेल तर तसं लिहा आणि सगळ्यात कमी प्रमाणाचा आकडा पुढे ठेवा.

पाणीही खारं घ्या. समुद्राच्या पाण्यातले सोडियम-पोटॅशियम चिकटायच्या जागांसाठी सिझियमशी भांडतात, त्यामुळे खाऱ्या पाण्याने सिझियम गोड्या पाण्यापेक्षा बरं निघतं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ हे काम चालवायला ठीक, चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड घातलंत तर आणखी जवळ. टँकरचं बोअरचं पाणी मात्र नको. भोसरी-मोशीकडचं ते पाणी इतकं जड की दोन फेऱ्यांत पत्र्यावर पांढरा थर चढतो, तो थर मालाला धरून ठेवतो आणि नोझलच्या तोंडाशीही तेच. मग तुम्ही रंगाची चाचणी करत नसता, क्षाराची करत असता. नळाच्या पाण्यात मीठ घाला आणि प्रत्येक फेरीनंतर नोझल उघडून धुवा.

आतापर्यंतचं एका दमात: तीन पत्रे (कोरडा, आधी पाणी, नंतर पाणी), ५० ला १ उतार, वरून सोडता येणारं पाणी, चाळलेले तीन आकार, खारं पाणी, विरघळलेल्या मालासाठी वेगळी कूपन. आणि वजनाचा ताळा. टाकलेलं = वाहून गेलेलं + उरलेलं + हरवलेलं. वाहून गेलेलं पाणी पन्हळीने बादलीत घ्या, गाळा, वाळवा, तोला. आमच्याकडे नवा मुलगा ‘उरलेलं एवढंच, म्हणजे बाकीचं गेलंच’ म्हणतो तेव्हा त्याला आधी बादली दाखवायला सांगतात. बादलीत ८० आणि पत्र्यावर ४ असेल तर १६ कुठेतरी आहे, बहुधा पत्र्याच्या खालच्या बाजूला, किंवा हवेत.

राहिला तिसरा प्रश्न, डोसचा. तो तुमच्या पत्र्याने सुटणार नाही हे अहवालात स्पष्ट लिहा. डेकवरचा माल नव्वद टक्के गेला म्हणजे आतल्या माणसाचा डोस नव्वद टक्के घटला असं नव्हे. ढग वरून जात असताना त्याचा मारा येतोच, भोवतीच्या दूषित समुद्राचा येतो, आणि धुण्यासाठी ओढलेलं पाणीच दूषित असेल तर पाइपांत थोडा साठा होतो. खुल्या समुद्रात जहाज पुढे सरकत राहिलं तर हा शेवटचा भाग सहसा छोटा. बंदरात, उथळ पाण्यात तो मोठा. तिथे फवारा चालू ठेवायचा की नाही हा निर्णय परिस्थिती बघूनच घ्यावा लागतो, माझ्याकडे त्याचं एका ओळीचं उत्तर नाही.

आणि फवाऱ्याने सगळं संपतं असंही कोणी गृहीत धरत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या वेळी जपानजवळ असलेल्या यूएसएस रोनाल्ड रेगन या विमानवाहू जहाजावर वॉशडाउन चालवलंच, पण त्याशिवाय खलाशी ओळीने उभे राहून ब्रश आणि साबणाच्या पाण्याने डेक घासत होते. फवारा पहिला हात मारतो, चिवट माल माणसांना घासावा लागतो. तुमच्या कूपनवरही फवाऱ्यानंतर एक ब्रशची फेरी घेऊन बघा; नॉन-स्किडवरचा फरक बोलका असेल.

‘खरा ट्रेसर (मागोवा घेता येईल असा थोडा किरणोत्सर्गी पदार्थ) वापरता येईल का’ असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकेत १९५० च्या दशकात लँथॅनम-१४० लावलेली वाळू पसरून अशा चाचण्या झाल्या. तिचं अर्धायुष्य चाळीस तासांचं, त्यामुळे काही आठवड्यांत जागा मोकळी. आपल्याकडे उघड्या किरणोत्सर्गी पदार्थाला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, मान्यताप्राप्त जागा आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी लागतो, आणि वाहून गेलेल्या पाण्याची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रकल्प आहे. पदवीच्या वर्षात त्या वाटेला जाऊ नका. जहाजावर हे सगळं प्रत्यक्ष कसं चालतं ते बघायचं असेल तर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत या विषयाचं नौदलाचं प्रशिक्षण होतं. विभागप्रमुखांच्या पत्राने रीतसर विनंती करा. परवानगी मिळेल की नाही हे त्यांच्यावर.

परीक्षकांनी विचारलंच, ‘मग शेवटी किती टक्के?’ तर एक आकडा देऊ नका. रांगोळीचे तीन आकार, दोन क्रम, चार पृष्ठं अशा तक्त्यातला सगळ्यात वाईट रकाना आधी दाखवा, सरासरी नंतर. पत्र्याला नेमका कुठला रंग मारलाय (इपॉक्सी की साधा एनॅमल) आणि पंपाचा दाब किती मिळतो ते इथेच खाली लिहा, नोझलचा आकार आणि अंतर काढून देतो.